माणूस पुढे करण्याचे काम

१२ जून १९०५ रोजी पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. (नियोजन आयोगाच्या पुढाकाराने १९५२ साली याच नावाची आणखी एक संस्था निघाली, ती वेगळी.) नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन हे पहिले तीन सहकारी. गोखल्यांनी आधी स्वतः सात शपथा घेतल्या, मग या तिघांना दिल्या. कोणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही, ही त्यांतली एक. पुण्याच्या सार्वजनिक जीवनात वीस वर्षे काढलेल्या माणसाने ती मुद्दाम घातली असणार, याविषयी आम्हाला शंका नाही.

शपथा आज कोणाच्या फारशा लक्षात नाहीत, आणि त्यात आश्चर्यही नाही. आम्हाला आठवण करून द्यायची आहे ती समाजाच्या एका रूक्ष नियमाची. नव्याने आलेल्या सदस्याने पाच वर्षे उमेदवारी करायची. त्या काळात अभ्यास करायचा, देश हिंडून पाहायचा, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम करायचे आणि आपल्या मनाने व्यासपीठावर चढायचे नाही. येणारी माणसे पदवीधर होती, काही तर आपापल्या नोकरीत नाव मिळवलेली होती. श्रीनिवास शास्त्री मद्रासच्या ट्रिप्लिकेनमधल्या हिंदू हायस्कूलचे मुख्याध्यापक होते, अमृतलाल ठक्कर मुंबईत महापालिकेत इंजिनिअर होते. अशा माणसांनाही पुन्हा विद्यार्थी व्हायला सांगितले जात होते. वकिली किंवा वैद्यकी शिकल्याशिवाय करता येत नाही, तसे सार्वजनिक कामही शिकल्याशिवाय करता येत नाही, हा गोखल्यांचा हट्ट होता. तो त्यांनी पुस्तकातून उचललेला नव्हता. ते स्वतः तसेच घडले होते.

आज महाराष्ट्रातल्या कोणत्याही सहकारी बँकेत, शिक्षणसंस्थेत, वाचनालयाच्या कार्यकारिणीत किंवा पक्षाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन बसा. अर्ध्या तासात ‘दुसरी फळीच नाही हो’ हे वाक्य कानावर पडेल. ते म्हणणारे गृहस्थ बहुधा वीस-पंचवीस वर्षे त्याच खुर्चीत असतात. फळी का नाही, याचे उत्तर त्यांच्या शेजारीच बसलेले असते, हे त्यांना कोणी सांगत नाही. म्हणून गोखले कसे तयार झाले हे जरा सविस्तर पाहिले पाहिजे.

गोखल्यांचे गुरू महादेव गोविंद रानडे १८७१ मध्ये न्यायाधीश म्हणून पुण्यात आले. त्याआधी वर्षभर सार्वजनिक सभा स्थापन झालेली होती. सभेच्या मागे डोके रानड्यांचे होते, हे सगळ्या गावाला ठाऊक होते आणि सरकारलाही. नाशिक, मग धुळे अशा त्यांच्या बदल्या झाल्या त्यामागे हा संशयही होता. सभेचे त्रैमासिक १८७८ पासून निघू लागले. त्यातले कितीतरी लेख त्यांचे, आणि त्यांवर नाव नाही. सरकारी नोकराला सरकारविरुद्धच्या अर्जावर सही करता येत नाही, शिष्टमंडळाच्या पुढे उभे राहता येत नाही. तेव्हा सही करणारा, उभा राहणारा, प्रश्नांना उत्तरे देणारा माणूस तयार करणे भाग होते.

रानड्यांच्या गुरुपणाची ही बाजू चरित्रकार सहसा ओलांडून जातात. त्यांच्या थोरपणाचे, ऋषितुल्य स्वभावाचे वर्णन करण्यात पाने खर्च होतात. ते सगळे खरे आहे. पण त्यांनी माणसे घडवली याला त्यांच्या स्वभावाइतकीच त्यांची अडचणही कारणीभूत होती. व्यासपीठ त्यांना बंद होते. गोखल्यांचे दुसरे गुरू गणेश व्यंकटेश जोशी यांची गोष्टही तीच. (सार्वजनिक काका म्हणून प्रसिद्ध असलेले गणेश वासुदेव जोशी निराळे, नावांतल्या सारखेपणामुळे घोटाळा होतो.) हे जोशी सरकारी शाळेत मुख्याध्यापक, सोलापुरात राहून हिंदुस्थानच्या जमाखर्चाचा असा अभ्यास केलेले, की त्यांच्या तोडीचा आकडेपंडित शोधावा लागावा. तेही सरकारी चाकर, म्हणून तेही पडद्याआड. ज्यांना स्वतः पुढे येता येत नव्हते अशा दोन माणसांनी आपले सगळे ज्ञान एका तरुण मास्तरच्या हवाली केले.

तो तरुण मास्तर न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि नंतर फर्ग्युसन कॉलेजात शिकवत होता. १८८७ च्या सुमारास, वयाच्या एकविसाव्या वर्षी तो रानड्यांच्या हाताखाली आला आणि १९०१ मध्ये रानडे जाईपर्यंत, म्हणजे जवळपास चौदा वर्षे राहिला. चोविसाव्या वर्षी सभेचा चिटणीस झाला, त्रैमासिक त्याच्याकडे आले. टिळक आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटी यांच्यातल्या तुटीला जी कारणे झाली त्यांत या चिटणिसपदाचाही वाद होता. रानड्यांकडून मिळणारे शिक्षण काय होते? सरकारी अहवाल वाचायचे, त्यांतले आकडे काढायचे, एकमेकांशी ताडून पाहायचे, त्यावरून निवेदन लिहायचे. रानड्यांना ते पटले नाही तर पुन्हा लिहायचे. उपदेश थोडा, काम फार.

एका प्रसंगाची आठवण गोखल्यांनी स्वतः सांगितली आहे. बरीच मेहनत घेऊन तयार केलेल्या एका निवेदनाला सरकारकडून दोन ओळींची कोरडी पोच आली. गोखले हिरमुसले. एवढी मेहनत करायची आणि सरकार वाचतही नाही, मग अर्ज करायचेच कशाला, असे त्यांनी विचारले. रानड्यांनी त्यांना समजावले की अर्जावर पत्ता सरकारचा असला तरी तो खरोखर लिहिलेला असतो लोकांसाठी, अशा विषयांवर विचार कसा करावा हे त्यांना कळावे म्हणून. हे राजकारण या देशात नवे आहे आणि फळाची अपेक्षा न ठेवता ते पुष्कळ वर्षे करावे लागणार आहे.

सरकारने दाद का दिली नाही, पुढच्या वेळी काय बदलायचे, असल्या हिशोबात रानडे पडले नाहीत. त्यांनी शिष्याला कामाचा लांब पल्ला दाखवला. आजच्या कार्यालयांत तिमाहीच्या आकड्यांवर माणसे जोखणाऱ्या वरिष्ठांना हे करणे सर्वांत जड जाते. हाताखालचा माणूस निराश होऊन दारात उभा राहिला की त्याला एक तर पाठीवर थाप मिळते किंवा नवे टार्गेट.

खरी परीक्षा १८९७ मध्ये आली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला डेक्कन सभेने गोखल्यांना विलायतेला पाठवले. सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या हाती गेल्यावर रानड्यांच्या मंडळींनी १८९६ मध्ये ही नवी सभा काढली होती. गोखले अवघे तीस वर्षांचे. बाकीचे साक्षीदार दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, जी. सुब्रमण्य अय्यर, म्हणजे वयाने आणि नावाने मोठे. पण जाण्याआधी रानडे आणि जोशी यांनी गोखल्यांची तयारी अशी करून घेतली होती की उलटतपासणीत हा मुलगा अडखळला नाही. एवढ्या तरुण माणसाला एवढ्या मोठ्या ठिकाणी पाठवायचे धाडस आज आमच्या किती संस्था करतील? ‘अजून थोडा अनुभव येऊ द्या’ या पाच शब्दांनी महाराष्ट्रातल्या जितक्या तरुणांची उमेद मारली, तितकी अपयशानेही मारली नसेल.

आणि मग घात झाला. गोखले विलायतेत असतानाच पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरच्या सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे त्यांना गेली. त्यांनी ती हकिगत तिथल्या वर्तमानपत्राला सांगितली. विलायतेत गहजब झाला, पार्लमेंटपर्यंत प्रश्न गेला. परत आल्यावर पुरावा मिळेना. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगून मोकळे होता आले असते. गोखल्यांनी ती सांगितली नाहीत. मुंबईत रानड्यांशी आणि इतर मित्रांशी सल्लामसलत करून त्यांनी बिनशर्त माफी मागितली. मग जे व्हायचे तेच झाले. भित्रा, सरकारधार्जिणा म्हणून त्यांची निर्भर्त्सना झाली, अनेकांनी पाठ फिरवली. सार्वजनिक आयुष्य संपले असे त्यांना स्वतःलाही वाटले.

रानड्यांनी त्यांना सोडले नाही. प्रसिद्धिपत्रक काढून बाजूही घेतली नाही. गोखले पुण्यात प्लेगच्याच कामात स्वयंसेवक म्हणून राबू लागले, आणि १८९९ च्या अखेरीस मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून गेले. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. तिजोरीत दिसणारी शिल्लक ही सुबत्तेची खूण नसून लोकांवर गरजेपेक्षा जास्त कर लादल्याची खूण आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवले. अडीच रुपये मणावर असलेला मिठाचा कर पुढच्या वर्षी दोन रुपयांवर आला, १९०७ पर्यंत एक रुपयावर. तो त्यांच्या एकट्याच्या भाषणाने उतरला असे कोणी म्हणणार नाही. पण त्या भाषणात सोलापूरच्या मुख्याध्यापकाची आकडेमोड होती आणि चौदा वर्षांची घासपट्टी होती. रानडे मात्र ते ऐकायला नव्हते. १६ जानेवारी १९०१ रोजी ते गेले होते.

रानड्यांच्या घरातली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असूनही वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले, याबद्दल त्यांना तेव्हाही बोल लागला आणि आजही लागतो. त्या रमाबाईंना त्यांनी घरात विरोध असताना लिहायला-वाचायला शिकवले. पतीच्या पश्चात १९०९ मध्ये देवधरांच्या साथीने पुण्याचे सेवासदन उभे करणाऱ्या रमाबाई याच. म्हणजे एकाच माणसाच्या हाताखाली शिकलेली दोन माणसे, एक कायदेमंडळात आणि एक सेवासदनात. आणि गोखल्यांच्या पहिल्या तीन सहकाऱ्यांपैकी एक रमाबाईंच्या मदतीला.

या परंपरेची उणी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख आरती होईल. रानडे-गोखल्यांचे शिष्यत्व मिळायला आधी त्यांच्या वाड्यापर्यंत पोहोचावे लागे. इंग्रजी शिक्षण, पुण्यातले वास्तव्य, ओळख, आणि बहुतेक वेळा जातही त्या वाटेवर उभी असे. हाताखाली शिकण्याच्या पद्धतीत हा धोका कायमच असतो. शिकवणारा आपल्यासारखा दिसणारा, आपल्यासारखा बोलणारा मुलगा निवडतो आणि त्यालाच गुणवत्ता समजतो. या भिंतीपलीकडे पाहणारी माणसेही याच महाराष्ट्रात झाली. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतल्या माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी अस्पृश्य समाजाला सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. तो पुढारी तेव्हा तिशीही न ओलांडलेला होता. त्या आधी दोन महिने त्याचे ‘मूकनायक’ हे पत्र निघाले, त्यालाही महाराजांनी पैशाची मदत केली होती. डॉ. आंबेडकर कोणी घडवावे लागणारे गृहस्थ नव्हते. त्यांना पुढे करायला मात्र कोणीतरी लागत होते, आणि ते काम एका राजाने आपले सिंहासन मध्ये न आणता केले.

गोखल्यांनी रानड्यांकडून घेतलेली विद्या नियमांत बसवली. पाच वर्षांची उमेदवारी हे त्याचे रूप. तिची फळे मोजायची तर समाजाच्या भिंतीबाहेर जावे लागते. ना. म. जोशी १९०९ मध्ये समाजात आले, १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि १९२० मध्ये आयटक उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. गिरणगावातल्या कामगार चळवळीच्या सुरुवातीच्या पायवाटांपैकी एक त्यांची. अमृतलाल ठक्कर १९१४ मध्ये आले, पुढे ठक्करबाप्पा म्हणून दाहोदच्या भिल्लांमध्ये आणि मग देशभरच्या आदिवासींमध्ये आयुष्य घालवले. देवधरांनी सहकारी पतपेढ्या आणि सेवासदन यांत स्वतःला गाडून घेतले. कोणीही गोखल्यांची नक्कल केली नाही. प्रत्येकाने निराळे शेत धरले, आणि गोखल्यांना ते चालले.

गांधींचे प्रकरण याहून बोलके आहे. गांधी त्यांना आपले राजकीय गुरू म्हणत. पण ‘हिंद स्वराज’ वाचून गोखल्यांना ते पुस्तक कच्चे वाटले. वर्षभर हिंदुस्थानात राहिले की गांधी स्वतःच ते नष्ट करतील असा त्यांचा अंदाज होता. तो साफ चुकला. तरीही दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यासाठी गोखल्यांनी पैसा उभा केला, १९१२ मध्ये प्रकृती ठीक नसताना तिकडे जाऊन आले, नाताळला जाणाऱ्या गिरमिटियांचा प्रश्न कायदेमंडळात लढवला. शिष्याचे पुस्तक पटत नाही आणि शिष्यासाठी झोळी फिरवतो, असा गुरू आमच्या संस्थांतून हल्ली दिसत नाही. आपल्याशी असहमत असलेल्या सहकाऱ्याला पुढची पायरी चढू देणारा अध्यक्ष वाचकांच्या माहितीत असेल तर त्याचा सत्कार केला पाहिजे.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गोखले गेले. आणि पहिल्याच मोठ्या प्रसंगी समाज कमी पडला. गांधींना सदस्य करून घ्यावे की नाही यावर आत मतभेद झाले; गांधींनीच अर्ज मागे घेतला. गोखल्यांच्या मनात त्यांच्यासाठी जागा होती, संस्थेच्या मनात नव्हती. एका माणसाच्या मोठेपणात जे मावत होते ते नियमांत मावले नाही. पुढे शास्त्री अध्यक्ष झाले, मग देवधर, आणि १९३६ पासून हृदयनाथ कुंझरू. कुंझरू १९७८ मध्ये गेले तेव्हाही तेच अध्यक्ष होते. त्यांच्या विद्वत्तेविषयी आणि निःस्पृहतेविषयी कोणाला शंका घेता येणार नाही. पण नेते घडवण्यासाठी जन्मलेल्या संस्थेला बेचाळीस वर्षे दुसरा अध्यक्ष मिळू नये, याचा अर्थ काय लावायचा? स्वातंत्र्यानंतर तरुणांना ओढणारी इतर ठिकाणे निघाली, व्रतस्थ गरिबीचे आकर्षण कमी झाले, ही कारणे आहेतच. आमचे मत असे की वरची जागा रिकामी होत नाही हे दिसले की हुशार तरुण खालच्या पायरीवर पाच वर्षे थांबत नाही. अलीकडच्या काळात या समाजाचे नाव वर्तमानपत्रांत येते ते बहुधा कारभारातल्या वादांमुळे. स्थापनादिनी हे लिहिताना आम्हाला आनंद होत नाही.

आता आजच्याकडे. मोठ्या कंपन्यांनी या कामाला ‘मेंटॉरशिप प्रोग्रॅम’ असे नाव देऊन ते एचआर विभागाकडे सोपवले आहे. महिन्यातून एकदा तासभर भेट, मग अ‍ॅपवर दोघांनी भरायचा फॉर्म. अगदीच निरुपयोगी म्हणणार नाही; ज्याला कंपनीत कोणीच ओळखत नाही अशा लहान गावातून आलेल्या मुलीला निदान एक दार उघडे मिळते. पण तासाभराच्या गप्पांतून माणूस तयार होत नाही. तो तयार होतो वरिष्ठाने आपल्या हातातले, नाव मिळवून देणारे काम त्याच्याकडे सरकवले तर, आणि ते बिघडले तर वरिष्ठ त्याच्या शेजारी उभा राहिला तर. फॉर्मवर या दोन्ही गोष्टींचा रकाना नसतो.

सहकारात आणि शिक्षणसंस्थांत दुखणे निराळे आहे. तिथे उत्तराधिकारी तयार असतो, तो घरातच असतो. चेअरमनसाहेबांचा मुलगा परदेशातून शिकून येतो, आधी युवक मेळाव्याच्या फलकावर दिसतो, मग संचालक मंडळावर. त्याच्यात गुण नसतीलच असे नाही. पण पंधरा वर्षे शेतकी खात्यात किंवा हिशोब विभागात घासून निघालेला, सभासदांची नावे तोंडपाठ असलेला माणूस कायम ‘साहेबांना विचारून सांगतो’ एवढेच म्हणत राहतो. साहेब गेल्यावर विचारायचे कोणाला, हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

रानड्यांना सरकारी नोकरीने जे करायला लावले ते आमच्या पुढाऱ्यांना कोणी करायला लावत नाही. व्यासपीठ त्यांना नेहमी उघडे असते. कारखान्याचा गळीत हंगाम तेच सुरू करतात, शाळेच्या स्नेहसंमेलनात बक्षिसे तेच देतात, पत्रकार परिषदेत तेच बोलतात. म्हणून आमचा आग्रह आहे की ही बंदी त्यांनी स्वतःवर घालून घ्यावी. वर्षातले निदान एक महत्त्वाचे काम असे ठरवावे की ज्याला आपण हात लावायचा नाही, आणि तयारी मात्र रात्र जागून करून घ्यायची.

त्यासाठी नवा नियम, नवी समिती, नवा निधी काही लागत नाही. महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात. अजून साडेतीन महिने आहेत. यंदाचा अहवाल पस्तिशीच्या आतल्या एखाद्या सहकाऱ्याला लिहू द्या. त्याचा मसुदा दोन-तीनदा परत करा. सभेत तोच वाचू द्या, सभासदांच्या अडचणीच्या प्रश्नांना त्यालाच उत्तरे देऊ द्या. अध्यक्षांनी त्या दिवशी समोर सभासदांत बसावे आणि प्रश्न आपल्या नावाने आला तरी उठू नये.